वेळासच्या टोपलीखाली

फाल्गुन लागला की घाटावर गव्हाची कापणी अन् हरभऱ्याची मळणी यापलीकडे कुणाला काही सुचत नाही. त्या गडबडीतून दोन दिवस काढून मी आणि सौ. कोकणात वेळासला गेलो, ते समुद्री कासवांची पिल्ले पाहायला. "पिल्लंच बघायची तर आमच्या खुराड्यात या की!" असे शेजारच्या काकूंनी ऐकवलेही.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे लहानसे गाव. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. वाटेत आंब्याला मोहर, काजूला बोंडे, अन् पांगारा लालभडक. मी सवयीने मोहरावरचे तुडतुडे शोधू लागलो, तर सौ. म्हणाली, "आज रजा आहे ना तुमची?"

मला ओढ होती तिला आणखी एक कारण होते. नोकरीच्या सुरुवातीला, १९९० नंतरच्या वर्षांत, दुसऱ्याच एका किनाऱ्यावरच्या गावी मुक्कामाला असताना एका घरी कासवाची उकडलेली अंडी पानात आली होती. ही अंडी कितीही उकडा, पांढरा भाग घट्ट होत नाही. मी ती कौतुकाने खाल्ली. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा होता हे त्या यजमानाला ठाऊक नसेल, पण मी तर सरकारी माणूस!

तेव्हा किनाऱ्यावर सगळीकडे तेच चाले. वेळासलाही अंडी उकरून विकली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकरी त्यात उतरले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवतात. चार पैसे घरात येतात म्हणूनच हे काम टिकले, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसत्या उपदेशाने काय टिकते ते आम्हा विस्तारवाल्यांना चांगले ठाऊक!

संध्याकाळी किनाऱ्यावर कासवमित्र भेटले. साठीचे गृहस्थ, कमरेला पंचा. मी त्यांना काका म्हणू लागलो. हंगामात ते रोज भल्या पहाटे किनारा तुडवतात. मादी रात्री वर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या वर अंडी घालते, खड्डा बुजवून परत जाते. मागे उरते ती तिच्या वल्ह्यासारख्या पायांची वाळूतली खूण. तिच्यावरून घरटे शोधायचे आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी जाळीच्या कुंपणात हलवायची.

"अंडं फिरवायचं नाही, साहेब. जसं होतं तसंच ठेवायचं," काका म्हणाले. काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो, मग उलटले की गेले. नवा खड्डाही मडक्यासारखाच, तोंडाशी अरुंद अन् तळाशी रुंद. वर तारखेची पाटी. उबवायला कोणी बसत नाही, सारे काम वाळूच्या उबेचे. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू गरम असली तर माद्या अधिक, थंड असली तर नर अधिक. आणि फारच तापली तर आतल्या आत सगळे मरते. बियाण्याच्या उगवणीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

दिवस भरत आलेल्या खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. काकांनी एकेक उचलली. वाळू. पुन्हा वाळू. शहरातून आलेले एक कुटुंब चिडले, "एवढे पैसे खर्चून आलो!" काका शांतपणे म्हणाले, "पोरं काय एस.टी. आहेत, वेळेवर सुटायला?" (एस.टी. कुठे वेळेवर सुटते, हे मी मनातच म्हटले.)

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत जावे, पण काही न दिसण्याची तयारी ठेवून. बॅटरी पेटवू नये. उजेड दिसला की पिल्ले समुद्र सोडून त्याच्याकडे वळतात.

सकाळी सातला पुन्हा गेलो. दुसरीच टोपली उचलली आणि खाली काळसर, मुठीत मावतील अशी पिल्ले वळवळत होती. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली. उचलून पाण्यात टाकत नाहीत. किनारा त्यांनी स्वतःच चालायचा. एक उलटे पडले. माझा हात पुढे गेला, काकांनी डोळ्यांनीच थांबवला. ते आपले आपण सावरले. लाट आली, दोघांना मागे फेकून गेली, पुढच्या लाटेने नेले. हजारात एखादेच मोठे होते म्हणतात.

"अकरा," सौ.ने मोजले. काका वहीत लिहीत होते. मी विचारले, "उबवण किती टक्के धरता?"

"खड्डा उकरून टरफलं मोजल्यावर सांगतो, साहेब."

परत येताना सौ.ने विचारले, "तुम्ही तेव्हा किती खाल्ली होती?"

मी चार म्हणालो. सहाही असतील.