मुक्काम मोजणारे काका

लॉजच्या धंद्यावर माझे घर उभे राहिले, याचे श्रेय गावातले लोक मला देतात. ते चुकीच्या खात्यावर जमा होते. हा धंदा मला पांढुर्णा स्टेशनजवळच्या एका जुन्या लॉजच्या मॅनेजरकाकांनी शिकवला. त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही खोली नव्हती.

नागपूरहून बी.कॉम. होऊन आलो तेव्हा मला एवढेच कळे, जिथे माणसे तिथे पैसा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला मंगळवारी-शनिवारी रांगा लागतात. देवळाच्या वाटेवर वीस खोल्या बांधायच्या, असे ठरवून मी काकांकडे गेलो. त्यांनी मुक्कामाचे रजिस्टर पुढे सरकवले. "गर्दी मोजू नको बाबू. रात्री कोण राह्यते, ते पाय."

कुठून आले, कुठे जाणार, कशासाठी आले. हे रकाने मी वाचत बसू लागलो. गोटमारीचे बघे बहुतेक आसपासच्या गावांचे, संध्याकाळी घरी. जामसावळीचे नागपूर-छिंदवाड्याचे भाविक दर्शन घेऊन, जेवून परतत. त्यांना गाडी लावायला जागा हवी, खोली नको. खोली घेणारे वेगळेच होते: अवेळी गाडीतून उतरलेले प्रवासी, औषध कंपन्यांचे एमआर, संत्र्याच्या बागा बघायला आलेले व्यापारी, बोरगावच्या कारखान्यांत यंत्रे बसवायला आलेले मिस्त्री. व्यापारी आंबिया आणि मृग बहारापुरते येत. मिस्त्री आठवडेच्या आठवडे राहत आणि बिल कंपनी देई.

भाड्याचा हिशेबही त्यांचाच. मी खोलीला चौदाशे धरले होते. त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर मांडून दाखवले: चौदाशेने शंभरातल्या ३५ खोल्या गेल्या, तर एकूण खोल्यांमागे ४९० रुपये पडतात, नऊशेने ६० गेल्या, तर ५४०. "पण चादरीबी जास्त धुवा लागतीन, तेबी धर," हेही तेच म्हणाले. वीज, पगार आणि बँकेचा हप्ता वजा झाल्यावर जे उरेल, तीच कमाई.

कर्जाच्या वेळी बँकेच्या साहेबांनी विचारले, इतक्या खोल्या भरतील कशावरून? माझ्याकडे सांगायला होते ते त्या रकान्यांतलेच. देवळाची वाट सोडून मी बोरगावच्या बाजूला मोजक्या खोल्या आणि साधी मेस काढली. लॉज तगला तो त्या मिस्त्र्यांवर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरही त्यात आले. आता जमिनी महागणार, पांढुर्ण्यात हॉटेल टाक, असे जो तो सांगू लागला. मलाही मोह झाला. नकाशा घेऊन काकांच्या घरी गेलो. ते आता निवृत्त आहेत, डोळ्यांनी कमी दिसते. नकाशा त्यांनी हातातही घेतला नाही. म्हणाले, "साहेब लोक क्वार्टर भेटेपर्यंत राह्यतीन. कचेरीच्या कामाचे लोक सोमवार ते शुक्रवार. नागपूर दोन तासावर. रविवारी कोण राहीन?"

जागा अजून घेतलेली नाही. ओळखीच्या लॉजवाल्यांकडे बसून रविवारची पाने उतरवतो आहे. काकांना देण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. त्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर तरी द्यावे.