अप्पांच्या सुमोवरची पट्टी

मंडळी, आज जरा वेगळा विषय. इथं आपण वाड्यांच्या, शाळांच्या, गल्लीतल्या गणपतीच्या आठवणी वाचतो. मी मात्र गाडीवरच्या पट्टीबद्दल लिहिणार आहे. ज्यांच्या दारात अजून वीस-पंचवीस वर्षांची गाडी उभी आहे त्यांना उपयोग होईल, बाकीच्यांनी आमच्या घरची गोष्ट म्हणून वाचा.

आमची टाटा सुमो 1998 ची. मरून रंग, दहा सीटची, दोन्ही अंगांना पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत कंपनीची पट्टी. खाली जाड करडी, वर बारीक सोनेरी. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं पुष्कळांना वाटतं, पण ते टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातली सुरुवात जोडून केलेलं आहे. अप्पा हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, दुसऱ्यांदा आलेल्यालासुद्धा. सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी ती घेतली. आजीचा विरोध होता. "बस काय बंद पडल्यात काय?" एवढंच ती म्हणायची, पण रोज म्हणायची. त्याच गाडीतून मग कवळ्याची शांतादुर्गा, जोतिबा, पंढरपूर सगळं झालं, आणि पुढच्या सीटवर आजीच बसायची.

अप्पा गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करावं लागतं, ते 2023 ला तिसऱ्यांदा आलं. इंजिन ठणठणीत होतं. पट्टीची मात्र रया गेली होती. ऊन-पावसानं तडकलेली, कडा सुटलेल्या, कडांखाली मातीची काळी रेघ. उद्यमबागेतल्या पेंटरमामांनी बघितलं आणि म्हणाले, "त्यात काय हाय? मशीनला पेपर लावून घासतो. पट्टी जातीय, जुना रंग पण जातोय. वरनं नवीन मारून देतो की." धाकटा भाऊ लगेच तयार झाला. आई दारातून म्हणाली, "अप्पांनी पसंत केलेला रंग हाय तो. त्याला हात लावू नका."

तिचं म्हणणं मायेचं होतं, पण हिशेबानंही बरोबरच होतं. कारखान्यातला रंग पत्र्यावर भट्टीत साधारण 140 अंशांना भाजलेला असतो. गॅरेजमध्ये तसं करता येत नाही, तिथं प्लास्टिक, काचा, वायरिंग सगळं जागेवर असतं. आणि हे सगळे थर मिळून जाडी भरते 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एखाद-दीड कागदाएवढी. मशीननं घासायला सुरुवात केली की तेवढं जायला किती वेळ लागणार?

म्हणून मी स्वतःच काढायचं ठरवलं. आधी बघायचं ते हे की पट्टी चिकटवलेली आहे की रंगवलेली. कडेवरून आडवं नख फिरवा. नख अडलं तर ती फिल्म आहे, निघते. नख सरळ घसरलं तर ती रंगातली, वरच्या पारदर्शक थराखालची असू शकते. ती पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाही, तेव्हा तिच्या नादी लागू नका. आमची अडली.

मग गाडी स्वच्छ धुतली. हे टाळू नये, कारण राहिलेली वाळू पुढं कापडाखाली येते आणि ओरखडे तीच काढते. मेमधलं सकाळचं ऊन, त्यात मुलीचा हेअर ड्रायर. एका वेळी वीतभर पट्टी तापवायची, ड्रायर हलता ठेवायचा. पत्र्यावर हात टेकवून ठेवता आला पाहिजे, चटका बसला तर जास्त झालं. टोक नखानं उचलायचं, नाहीतर जुन्या एटीएम कार्डानं. ब्लेड, पटाशी, स्क्रू ड्रायव्हर यांना त्या दिवशी अंगणातसुद्धा येऊ देऊ नये. सुटलेलं टोक बाहेर सरळ ओढायचं नाही. उलटं दुमडून, पत्र्याला जवळजवळ लागून, सावकाश मागं न्यायचं. आमची इतकी वाळली होती की करंगळीच्या नखाएवढे तुकडे निघत होते. एका दाराला दीड तास. ड्रिलला लावायचं रबरी चाकही बाजारात मिळतं, काम झटपट होतं, पण एका जागी थांबलं तर रंग तापून करपतो. मी ते आणलं नाही. घाई कसली होती?

मागं राहिलेल्या चिकट्यावर खोबरेल लावून अर्धा तास सोडलं आणि मऊ सुती कापडानं पुसलं. हट्टी ठिकाणी रॉकेल, तेही कापडावर घेऊन. थिनर आणि पेट्रोल अजिबात नको. भट्टीतला रंग एखादे वेळी थिनर सोसेलही, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग क्षणात सुटून कापडावर येतो. शेवटी शाम्पूनं धुवून तेल काढायचं.

हे गॅरेजमधल्या रंगाचं मी उगीच सांगत नाहीये.

काम सुरू करण्याआधी फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळ्या पत्र्यावर फिरवलं होतं. जिथं आत पुट्टी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही. पट्टी ओढताना रंग सोलून येण्याची भीती अशाच जागी जास्त. मला सगळं मूळचंच असेल असं वाटत होतं, कारण आमची गाडी कधी आपटली नव्हती. निदान घरात कुणाला तसं माहीत नव्हतं. डाव्या मागच्या दारावर, हँडलच्या खाली, चुंबक पडलं. दोनदा ठेवलं, दोनदा पडलं.

मग त्या दाराकडे नीट बघितलं. बाकी सगळीकडे करडी आणि सोनेरी रेघ एकाच फिल्मवर छापलेली. इथं दोन वेगळ्या पट्ट्या, हातानं कापून शेजारी लावलेल्या. रेडियमवाल्याचं काम. ते दार सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी उष्णतेवर घेतलं, फक्त खोबरेलावर, पूर्ण एक दिवस. फिल्म निघाली आणि चिकटा सगळा दारावर राहिला, स्वस्त पट्टीचं असंच असतं. रंग मात्र शाबूत राहिला.

पट्टीखाली ऊन लागत नाही, म्हणून तिथला रंग घेतला तेव्हा होता तसा राहतो आणि आजूबाजूचा विटतो. तीन दारांवर पट्टीच्या जागी गडद, ताज्या मरूनची रुंद रेघ उमटली होती. आम्हा भावंडांना गाडीचा तो रंग आठवतसुद्धा नव्हता. चौथ्या दारावरची रेघ वेगळी, चॉकलेटीकडे झुकणारी.

आई चहा घेऊन आली. बघून म्हणाली, "सापडलं म्हणायचं तुला."

1999 चा पावसाळा. अप्पा मित्राबरोबर गोव्याला गेले होते आणि येताना एसटीनं आले. क्लचप्लेट गेली, गाडी फोंड्याला ठेवली, आठ दिवसांनी आणतो, असं सांगितलं. खरं म्हणजे अनमोड घाटात धुक्यात कठड्याला घासली होती. कुणाला लागलं नव्हतं. आईला हे त्या मित्राच्या बायकोनं पुढं श्रावणात हळदीकुंकवाला सांगितलं.

"मग तू अप्पांना विचारलं नाहीस?"

"विचारून काय करू? तुझ्या आजीच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायला लावली असती. कर्ज तर फेडायचंच होतं." थोडं थांबून म्हणाली, "सांगतील कधीतरी, असं वाटायचं."

चोवीस वर्षं. दर दिवाळीला गाडीची पूजा करताना ती त्याच दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, हे मी बघितलं होतं. ते दार घराच्या बाजूला येतं म्हणून, असं समजत होतो.

पुढचं काम थोडंच होतं. तीन दारांना रबिंग कंपाउंडचा हलका हात दिला. आमच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नाही, त्यामुळे कापड लाल होतं. लाल झालं म्हणजे रंगच जातोय हे समजून दोन फेऱ्यांत थांबलो. विटलेला भाग उजळला, रेघेची सावली फिकी झाली, पूर्ण गेली नाही आणि जाणारही नाही. वरून वॅक्स. भाऊ म्हणाला, चौथं दार तेवढं रंगवून घेऊ, शेड तरी जुळेल. आईनं मान हलवली, म्हणून त्याला फक्त वॅक्स लावलं.

आरटीओत साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि सही केली. दारांकडे त्यांनी बघितलंही नाही.