एक्सल बदलण्याआधी

माझ्या खालाच्या मुलाकडे जुनी पिकअप आहे. कांद्याच्या हंगामात तो शेतकऱ्यांचा माल मालेगावच्या बाजूने लासलगावला नेतो. मागच्या हंगामात राहूड घाट चढताना तिचा मागचा एक्सल शाफ्ट तुटला. टायरखाली दगड लावून त्याने गाडी धरली, माल दुसऱ्या गाडीत भरला, आणि भाडे त्या गाडीवाल्याला गेले.

आठवडाभरात त्याने भंगारात मोठ्या गाडीचा एक्सल पाहून ठेवला. "भाई, हा बसवला की वीस क्विंटलचं टेन्शन नाही," तो म्हणाला. खानदानात कागद वाचायचे काम माझ्याकडे असल्याने मीही त्याच्याबरोबर गॅरेजवर गेलो. शाळेत मी सर असलो तरी तिथे उस्ताद दुसरेच आहेत. त्यांनी एक्सलकडे न बघताच विचारले, "कितना माल डालने का है, पहले वो बोलो."

प्रश्न साधा वाटतो, पण सगळे त्यातच आहे. आमच्या गाडीचा एक्सल सेमी-फ्लोटिंग. म्हणजे जो शाफ्ट चाक फिरवतो तोच गाडीचे वजनही पेलतो. भंगारातला होता फुल-फ्लोटिंग. त्यात वजन हबच्या बेरिंगांवरून थेट हाउजिंगवर जाते, शाफ्टने फक्त फिरवायचे. तो तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. चाकाच्या मधोमध पुढे आलेला हब आणि त्यावर गोलाकार बोल्ट दिसले की ओळखावे. (बैलगाडीच्या चाकांमधल्या दांड्याला मराठीत आस म्हणतात. आस म्हणजे उमेदही, उर्दूतही तोच अर्थ. भाषा शिकवणाऱ्याचे लक्ष असे भलतीकडे जाते.)

मजबुतीबद्दल वाद नव्हताच. पण तो आमच्या गाडीखाली बसवायचा कसा? उस्तादांनी टेप काढली. लांबी जास्त निघाली तर टायर पाट्याबाहेर येतात. पाटे ज्या बैठकींवर बसतात त्या कापून नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात, आणि वेल्ड करताना पिनियनचा कोन चुकला तर क्रॉस लवकर खातो. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली की तो कापून पुन्हा बॅलन्स करायचा. हबचे बोल्ट जुळले नाहीत तर पुढची आणि मागची रिम वेगळी, म्हणजे स्टेपनी दोन.

गिअरचे प्रमाण मोजायची त्यांची रीत मला वर्गात दाखवण्यासारखी वाटली. एक चाक पक्के धरायचे, दुसरे पूर्ण दोन वेळा फिरवायचे आणि पिनियन किती वेळा फिरला ते खडूच्या खुणेवर मोजायचे. क्राउनला ४१ आणि पिनियनला ९ दात असतील तर साडेचारच्या थोडे वर येते. ४३ आणि ८ असतील तर सव्वापाचच्या वर. पहिल्याच्या जागी दुसरा बसवला तर चढ सोपा होतो, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे १८ टक्के जास्त फिरते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही खोटे बोलू लागतो.

ब्रेकपाशी आल्यावर खालाचा मुलगा गप्प झाला. मोठ्या ड्रमचे मोठे सिलिंडर जुन्या मास्टर सिलिंडरकडून जास्त ऑइल मागतात, पेडल खोल जाते. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा भारी पडला तर रिकामी गाडी पावसात मागून घसरते. शिवाय वीस क्विंटल घेऊन घाट उतरताना पुढचे ब्रेक, चासी, टायर सगळे जुनेच असणार.

कागद मी वाचले. वाहनाचे एकूण वजन आरसीवर छापलेले असते, एक्सल बदलून ते वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणेच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार.

तरी हा केवळ त्याच्या हावरेपणाचा मामला आहे, असे मला वाटत नाही. भाडे क्विंटलवर ठरते. शेजारचा वीस भरतो म्हणून दर खाली येतो, मग बारा भरणाऱ्याचे डिझेलही निघत नाही. हे उस्तादांनाही माहीत होते. "बारा का काम है तो तेरे ही एक्सल में नया शाफ्ट डाल देता हूँ," ते म्हणाले, "बीस का है तो बडी गाडी ले."

दोन्ही बाजूंचे शाफ्ट, बेरिंग आणि ऑइल सील नवे टाकले. गाडी आता बारा क्विंटल नेते. त्याचे दोन शेतकरी दुसऱ्या गाडीकडे गेले, एक राहिला. भंगारातला तो एक्सल चार दिवसांनी पाहिला तेव्हा जागेवर नव्हता. कुणीतरी पिकअपसाठीच नेला, असे दुकानदार म्हणाला.