प्रश्न विचारावा, पण नेमका

मैत्रिणींनो, "प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच यायचं," असं मी वर्गात मुलांना नेहमी सांगते. विधानसभेत आणि लोकसभेतही हेच घडतं, बरं का! मागच्या बाकावरच्या सभासदाच्या हाती ना खातं, ना तिजोरी. पण त्याचा प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, वर उपप्रश्नही विचारता येतो. अतारांकिताला उत्तर लेखी. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न फक्त २०. तेव्हा शब्द तोलूनच वापरायला हवा!

आमचं कोलशेत ठाण्यातलं. या ठाण्यानं १९७७ आणि १९८० साली रामभाऊ म्हाळगींना लोकसभेवर पाठवलं. ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्यानं आपलाही हिशेब द्यावा, हे मला फार पटतं. १९७२ साली विधानसभेत गेलेल्या गोरेगावच्या मृणाल गोरेंना तर लोक 'पाणीवाली बाई' म्हणत.

प्रश्नाला लागणारा तपशील मात्र आपल्याच स्वयंपाकघरात असतो. पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, टँकरला किती मोजले, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? आमच्या इमारतीतल्या बायकांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी महिनाभर ही नोंद ठेवली आणि आमदारांच्या कचेरीत नेऊन दिली. ती सभागृहात पोचेल की नाही, देव जाणे! पण "पाणी येत नाही हो" या तक्रारीला "बघू" म्हणून वाटेला लावता येतं; तारीखवार हिशेबाला तसं लावणं जड जातं.

मग, तुमच्या कॅलेंडरवर आजपासून काय लिहिणार?