भार आणि भारा

यंत्रांविषयी लिहावयाचे झाले म्हणजे एक तर त्यांची आरती ओवाळावी, नाही तर त्यांना शिव्याशाप द्यावेत, असा आपल्याकडे जणू दंडकच पडून गेला आहे. मला या दोहोंपैकी एकही गोष्ट साधत नाही. ज्या यंत्राविषयी मी आज चार शब्द लिहिणार आहे, ते इतके म्हातारे आहे की आरतीचा धूर त्याला सोसावयाचा नाही. आणि इतके कामसू आहे की त्याला शाप देण्यास जीभ रेटत नाही.

माझ्या एका स्नेह्यांचे वाड्याच्या बाजूस गवताचे माळ आहेत. दसरा उलटला की तेथे कापणी सुरू होते, आणि त्या कामासाठी त्यांनी एक जुना बी-275 ट्रॅक्टर बाळगला आहे. रंग उडालेला, बैठकीवर गोणपाट घातलेले. पण जन्माने तो आमचा गाववाला! मी राहतो कांदिवलीस, आणि हा घडला तोही कांदिवलीच्याच कारखान्यात. इंग्लंडातील डॉन्कास्टर येथील घडणीचा हा ट्रॅक्टर. तो आपल्याकडे तयार करणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी 1963 साली निघाली आणि 1977 साली महिंद्र कंपनीत विलीन झाली. ज्या साष्टीत एके काळी भातखाचरे आणि गवताची राने होती, तिने आपले गवत पुसून टाकले आणि दुसऱ्यांचे गवत उचलणारे यंत्र घडवून बाहेर धाडले. नशिबाच्या थट्टा कधी कधी अशा लोखंडी असतात.

ट्रॅक्टर म्हटला म्हणजे लोकांची नजर इंजिनाकडे जाते. माझी गेली ती त्याच्या पाठीकडे. तेथे खाली दोन लोखंडी बाहू आहेत आणि वर मधोमध एक दांडा. अवजार या तीन ठिकाणी खिळ्यांनी जोडले की ते ट्रॅक्टरचा अवयवच होऊन जाते. बैठकीजवळची दांडी ओढली की पंप तेलाला नळकांड्यात रेटतो, आतला दट्ट्या सरकतो आणि बाहू वर येतात. दांडी सोडली की तेल परत जाते आणि अवजार स्वतःच्या वजनाने जमिनीवर टेकते. उचलण्यास एवढा खटाटोप. टेकण्यास मात्र वजनच पुरे!

या जोडणीचे श्रेय आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडे जाते. 1926 साली त्याने तिचे पेटंट मिळविले, आणि 1939 पासून हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती जगभर गेली. त्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता बांधून ओढीत. फाळ खडकात अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाके वर उठत, आणि कित्येकदा तो उलटून चालकाच्याच अंगावर पडे. फर्ग्युसनच्या रचनेत अडलेला नांगर वरच्या दांड्याला पुढे रेटतो आणि ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबून धरतो. शिवाय माती जड लागली की त्या दांड्यावरचा दाब वाढतो. तो दाब तेलाच्या यंत्रणेला कळतो आणि ती नांगर किंचित उचलून धरते. लोखंडाला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. पण आपल्यावर किती भार आला हे ओळखण्याची जाण त्याला देता येते, हे या माणसाने दाखवून दिले.

गवताच्या कामात नांगर नसतो. तेथे प्रथम ट्रॅक्टरच्या बगलेला आडवे दातेरी पाते जोडतात. इंजिनाच्या जोरावर ते कात्रीसारखे मागेपुढे सरते आणि गवत ओळीने आडवे पाडते. बांध आला की चालक दांडी ओढतो, पाते उचलले जाते. बांध ओलांडला की पुन्हा टेकते. गवत वाळले की पात्याच्या जागी लांब लोखंडी दातांचा एक प्रचंड पंजा येतो. ट्रॅक्टर उलटा चालत तो पंजा गवताच्या ओळीखाली सारतो, दांडी ओढली जाते, आणि दहा-बारा बायांच्या डोक्यावरचे भारे एका दमात जमीन सोडतात. पाहताना छाती हलकी होते.

स्नेह्यांचा चालक हा त्याच भागातला वारली तरुण. त्याने मला दोन गोष्टी शिकविल्या. “वरच्या दांड्याच्या जागी दोर बांधून कधी ओढायचं नाही, दादा, पुढची चाकं उठतात. आणि उचललेल्या अवजाराखाली हात घालायचा नाही. आधी ओंडका ठेवायचा.” कारण नळकांडे जुने आहे, तेल झिरपते. सायंकाळी उचलून ठेवलेले अवजार सकाळी जमिनीला टेकलेले आढळते. मी म्हणालो, “म्हणजे उचललेला भार नाहीसा होत नाही तर!” तो हसला. “नाहीसा कुठला? मागच्या चाकांवर बसतो. पुढचं तोंड हलकं पडतं. म्हणून तर पुढं वजनं बांधलीत.”

त्याची आजी याच माळांवर विळ्याने गवत कापी आणि डोक्यावरून भारे वाही. तिची मान अखेरपर्यंत एका अंगास कललेली होती, असे तो सांगतो. ठाणे जिल्ह्यातले हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. 1945 साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने संप केला, तेव्हा त्यांची मागणी होती ती 500 पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत एवढीच. त्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे गेली. 500 पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. आमच्या भाराची कोणी तरी जाणीव ठेवा, याहून निराळे ते काय मागत होते? लोखंडाच्या दांड्याला जे 1926 साली शिकविता आले, ते माणसांना त्यानंतर एकोणीस वर्षांनीही शिकविता आले नव्हते.

आता त्या माळावर भारे वाहणाऱ्या बाया नाहीत. पूर्वी कापणीला चाळीस माणसे लागत, आता सहा पुरतात, असे स्नेही अभिमानाने सांगतात. त्या अभिमानात मीही सहभागी झालो असतो. पण मी चालकाला त्याच्या बहिणीविषयी विचारले. ती दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. तेथे विटा डोक्यावरूनच वाहाव्या लागतात. त्या विटांच्या इमारती आमच्या उपनगरांत उभ्या राहतात. भार नाहीसा झाला नाही. नुसता चाके बदलून बसला.

यावरून कोणी ट्रॅक्टर मोडीत घालून विळे वाटावेत असे म्हणेल, तर मी त्याच्या पक्षाचा नाही. आजीची मान मला पुन्हा कोणाच्या खांद्यावर पाहावयाची नाही. स्नेह्यांच्या मनात आता गवताच्या गाठी बांधणारे यंत्र घेण्याचे घाटत आहे. त्याने सहांपैकी आणखी चार कमी होतील. त्यांनी माझा सल्ला विचारला. मी म्हटले, “यंत्र अवश्य घ्या. पण किमतीचा हिशेब मांडाल त्याच वहीत आणखी एक रकाना आखा : या चौघांचा भार कोठे जाऊन बसणार?” ते म्हणाले, “हा रकाना भरायचा कोणी?” मी म्हटले, “ज्याच्या हाती दांडी आहे त्याने.” ते बराच वेळ बोलले नाहीत. यंत्राची मागणी अजून गेलेली नाही. वहीत मात्र चार नावे लिहिली गेली आहेत, आणि त्यांपुढची जागा सध्या तरी कोरी आहे.