गोव्याला जाताय? मग गाडी कुठे लावणार?

गोव्याचा प्लॅन ठरलाय ना? हॉटेल बुक झालं, कपडे ठरले, रीलसाठी गाणंही निवडून झालं असेल. मग एक प्रश्न विचारू? गाडी कुठे लावणार?

हसू नका! डिसेंबरमध्ये कळंगुट-बागा भागात हा प्रश्न 'जेवायचं कुठे' यापेक्षा मोठा असतो. माझी मावशी तिथेच राहते, मुख्य रस्त्यापासून आत, एका अरुंद गल्लीत. त्यामुळे ओळखीतलं कुणीही गोव्याला निघालं की मला फोन येतो आणि परत आल्यावरची तक्रारही माझ्याकडेच येते. "अगं, दहा मिनिटांसाठी गाडी लावली, तर चाकाला जॅमर! पर्यटकांना लुटायचे धंदे आहेत सगळे."

अशा वेळी मी त्यांना मागच्या डिसेंबरमधली एक रात्र सांगते. मी मावशीकडेच होते. साडेदहाच्या सुमारास काकांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला. त्यांची गाडी अंगणातच होती, पण फाटकाला आडवी एक भाड्याची जीप लावून कुणीतरी किनाऱ्यावर जेवायला गेलं होतं. १०८ ला फोन केला. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडापर्यंत आली, पण आत दोन्ही बाजूंना स्कूटरच स्कूटर. शेवटी शेजाऱ्यांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून नेली. मागून मावशी, हातात त्यांच्या गोळ्यांची पिशवी.

काका आज ठीक आहेत, रोज सकाळी मासळी आणायला जातात. मी मध्यरात्रीनंतर घरी परतले, तेव्हा जीप निघून गेली होती. त्या लोकांना काही कळलंच नाही. ती माणसं वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यांनाही 'दहाच मिनिटं' वाटलं असणार.

आता त्या गल्लीत पोलिसांची टोइंगची गाडी फिरते. मावशी म्हणते, "आता रात्री झोप लागते गो."

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ सांगतं, की इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही. कलम १२७ नुसार, मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून न्यायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणजे जॅमर ही कुणाची मनमानी नाही. पण तुमची बाजूही खरी आहे. बोर्ड झाडाआड लपलेला नको, पार्किंगची पुरेशी सोय हवी आणि स्थानिकांच्या गाड्यांनाही तोच नियम हवा. हे मागायचा हक्क आपल्याला आहेच.

आता थोड्या कामाच्या गोष्टी.

निळ्या गोल बोर्डवर लाल रंगाची एकच तिरकी रेघ असेल, तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल, तर तिथे थांबायचंही नाही. आजी-आजोबांना उतरवण्यापूर्वी हे नक्की बघा.

भाड्याची गाडी घेताना नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, हे तपासा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. चलान गाडीच्या मालकाच्या नावावर जातं, म्हणून त्यावर आधीचा दंड बाकी आहे का, हे सुरुवातीलाच विचारा आणि परत देताना पुन्हा तपासा.

लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये ठेवा, ती कागदपत्रं ग्राह्य धरली जातात. जॅमर लागलाच तर चाकाशी झटापट नको. जवळच्या ट्रॅफिक पोलिसाला गाठा, दंड भरा आणि पावती मागा. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

आणि पार्किंग मिळत नाही म्हणून गाडी वाळूवर तर मुळीच नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. मोरजी, आगोंद अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडी पे-पार्किंगमध्ये लावायची आणि उरलेलं अंतर चालायचं. मुलं कुरकुरतील, पण वाटेत एखादं शहाळं मिळालं की गप्प बसतील.

गाडी लॉक केलीत की एकदा मागे वळून बघा. तिच्यामागे फाटक आहे? मग आत कुणीतरी राहतं. दुसरी जागा शोधा.