ला प्रेन्सा : माद्रिदमध्ये एका शब्दाच्या मागे

फुटबॉल पाहणाऱ्या आपल्या मुलांना स्पॅनिश येत नसलं तरी एक शब्दप्रयोग हमखास ठाऊक असतो : ‘रुएदा दे प्रेन्सा’. रेआल माद्रिदचा सामना असला की आदल्या दिवशी प्रशिक्षक वाल्देबेबासच्या सराव-मैदानावर जाहिरातींच्या फलकासमोर येऊन बसतो, समोर पत्रकारांची रांग, आणि प्रश्नांचा मारा सुरू. ‘रुएदा’ म्हणजे चाक. ‘प्रेन्सा’ म्हणजे वर्तमानपत्रं आणि ती चालवणारी सगळी मंडळी. आपण ज्याला पत्रकार परिषद म्हणतो ते त्यांच्याकडे ‘पत्रकारांचं चाक’. घोळका करून उभं राहायचं आणि मधल्या माणसाला गरगर फिरवायचं, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं, आणि एखादा सामना हरल्यानंतरची परिषद पाहिलीत तर ते फारसं चुकीचंही वाटत नाही.

माद्रिदला पंधरा दिवस राहायला मिळालं तेव्हा हा ‘प्रेन्सा’ शब्द माझ्या मागेच लागला. इमारतीवर तो, टपरीवर तो, मेट्रोत शेजारच्याच्या तोंडी तो. शब्दकोशात त्याचा अर्थ एका ओळीत मिळतो. पण कुठला शब्द कुठल्या वाक्यात बसतो हे कळायला गावातून चालावं लागतं.

सुरुवात टपरीपासून. पुएर्ता देल सोल या मुख्य चौकातून कुठल्याही दिशेला निघा, फुटपाथवर धातूची बंदिस्त टपरी दिसते. तिचं नाव ‘किओस्को दे प्रेन्सा’. अजून काही टपऱ्यांत ‘एल पाईस’, ‘आबेसे’, ‘एल मुन्दो’ आणि खेळाला वाहिलेला ‘मार्का’ टांगलेले असतात, पण पुढची जागा बहुतेक चुंबकांनी, पंख्यांनी, पाण्याच्या बाटल्यांनी व्यापलेली. पर्यटक चुंबक घेतो, म्हातारे आजोबा पेपर घेतात. इथलं वाक्य अगदी साधं : ‘कोम्प्रो ला प्रेन्सा’, मी पेपर विकत घेतो. यात ‘ला’ फार महत्त्वाचा. ‘ला प्रेन्सा’ म्हटलं की वर्तमानपत्रं. तेच ‘उना प्रेन्सा’, म्हणजे ‘एक प्रेन्सा’, म्हटलं तर दुकानदार विचारात पडेल, कारण त्याचा अर्थ दाबयंत्र : द्राक्षं पिळायचं, ऑलिव्हचं तेल काढायचं किंवा छपाईचं. एकच अंक हवा असेल तर ‘उन पेरिओदिको’ मागावा.

दुसरी गंमत क्रियापदाची. आपण म्हणतो, ‘माध्यमं म्हणतात’. अनेकवचन. माद्रिदकर म्हणतो, ‘ला प्रेन्सा दीथे’, म्हणजे प्रेन्सा म्हणते. स्त्रीलिंगी, एकवचनी. शेकडो पेपर, हजारो बातमीदार, एकमेकांचं तोंड न पाहणारे संपादक, पण व्याकरणात सगळे मिळून एक बाई. (‘दीथे’मधला ‘थ’ माद्रिदचा खास. लॅटिन अमेरिकेतला माणूस तिथे ‘दीसे’ म्हणेल.)

हा शब्द यंत्रातून आला. लॅटिनमधल्या दाबण्याच्या क्रियापदापासून तो निघाला आणि कातालान भाषेमार्गे स्पॅनिशमध्ये शिरला. आधी द्राक्षं आणि ऑलिव्ह दाबणारं यंत्र, मग कागदावर शाई दाबणारं यंत्र, मग त्यातून निघालेला कागद, मग तो कागद लिहिणारी माणसं. आपल्याकडे ‘प्रेस’ही याच वाटेने आला, फक्त इंग्रजीच्या गाडीतून. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या नातेवाइकांकडे तर ‘प्रेस’ म्हणजे कपड्यांची इस्त्री. तिथे ‘प्रेसवाला आला का?’ असा प्रश्न ऐकून पाहुण्याला वाटावं, घरात कुणी मोठी असामी आहे. स्पॅनिशमध्ये कपड्यांचा या शब्दाशी संबंध नाही, आणि आपला ‘इस्त्री’ शब्द मुळात पोर्तुगीजांनी दिलेला.

छापखान्याला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘इम्प्रेन्ता’. तो पाहायचा तर आतोचा रस्त्यावर ८७ नंबरपाशी जावं. हुआन दे ला कुएस्ता याचा छापखाना इथे होता, आणि १६०५ साली सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग इथूनच बाहेर पडला. आता तिथे सर्व्हांटिसच्या नावाची संस्था आहे, भिंतीवर स्मृतिफलक आहे, आणि समोरून बस धडधडत जातात. थांबून वर पाहणारे थोडेच. कादंबरीच्या १६१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात डॉन किहोते बार्सिलोनातल्या एका छापखान्यात शिरतो आणि कुणी खिळे जुळवतंय, कुणी मुद्रितं तपासतंय हे कुतूहलाने बघतो. लेखकाने आपल्या नायकाला छापखाना दाखवायला नेणं मला फार आवडलं. ज्याने आपल्याला जगभर पोचवलं, त्याच्या घरी केलेलं हळदीकुंकूच ते.

आम्हा गोवेकरांना या शब्दांची जुनी ओळख. स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीत, पोर्तुगीजमध्ये, वृत्तपत्रसृष्टीला ‘इंप्रेन्सा’ म्हणतात, आणि पणजीच्या सरकारी छापखान्याचं नावच ‘इंप्रेन्सा नासियोनाल’ होतं. हिंदुस्थानातलं पहिलं छपाईचं यंत्र गोव्यात उतरलं, १५५६ मध्ये. निघालं होतं खरं तर अबिसिनियाला जायला, वाटेत गोव्यात राहिलं ते कायमचं. म्हणजे आतोचा रस्त्यावर ‘डॉन किहोते’ छापला गेला तेव्हा गोव्याच्या छापखान्याला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती. माद्रिदच्या फुटपाथवर उभं राहून हा हिशेब केला आणि उगाच कॉलर ताठ झाली.

आतोचाहून चालत वीस-पंचवीस मिनिटांत काय्याओ चौक येतो. ग्रान व्हीआवरच्या त्या गजबजाटात लालसर विटांची उंच इमारत आहे, तिच्यावर नाव : ‘पालाथिओ दे ला प्रेन्सा’, पत्रकारांचा राजवाडा. माद्रिदच्या पत्रकारांची संघटना १८९५ ची. आजारी पडलेल्या, हात आखडलेल्या सहकाऱ्यांना मदत करणं हेही तिचं काम. १९२० च्या दशकात या मंडळींनी स्वतःसाठी ही इमारत उभारली, आणि हिशेबही पक्का ठेवला : खाली चित्रपटगृह, वर भाड्याच्या जागा. आज बहुतेकांना ही इमारत सिनेमासाठीच ठाऊक आहे. ‘केदामोस एन एल पालाथिओ दे ला प्रेन्सा’, म्हणजे तिथे भेटू या, हे वाक्य बातम्यांशी काडीचा संबंध न ठेवता रोज शेकडो तोंडी येत असणार.

आता जरा हलकं. स्पेनमध्ये ‘प्रेन्सा देल कोराथोन’ नावाचा प्रकार आहे, शब्दशः ‘हृदयाची वृत्तपत्रं’. हृदयविकाराशी संबंध नाही. कोणाचं लग्न, कोणाचा घटस्फोट, कुठली राजकन्या कुठला झगा घालून आली, असा हा मजकूर. ‘ओला’ हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं साप्ताहिक १९४४ मध्ये बार्सिलोनात निघालं आणि अजून सलूनमध्ये, दवाखान्यांत, आज्यांच्या पिशव्यांत सापडतं. ‘यो नो लेओ ला प्रेन्सा देल कोराथोन’, मी असलं काही वाचत नाही, हे वाक्य ज्या ठामपणे म्हटलं जातं त्यावरूनच म्हणणारीने या आठवड्याचा अंक वाचलेला आहे हे समजावं.

आणखी एक वापर फार कामाचा : ‘तेनेर माला प्रेन्सा’, वाईट प्रेन्सा असणं. म्हणजे नाव बद्दू होणं. यासाठी पेपरात नाव यावं लागत नाही. ‘एल लोबो तिएने माला प्रेन्सा’, लांडगा बदनाम आहे. हे शिकल्यावर मी मराठी जगातली उदाहरणं जुळवत बसलो. कारल्याला माला प्रेन्सा. शनीला माला प्रेन्सा. कावळ्याला वर्षभर माला प्रेन्सा, पितृपक्षाचे पंधरा दिवस मात्र ‘बुएना’, म्हणजे चांगली.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. पण या शब्दाचं सर्वांत जड वाक्य शिकायला शहराच्या सालामान्का भागात गेलो. खेनेराल पार्दिन्यास हा तिथला रस्ता सधन, शांत, दोन्ही बाजूंना नेटक्या इमारती. बघण्यासारखं तिथे काही नाही, आणि तेच बघायला जायचं. ‘माद्रिद’ याच नावाच्या दैनिकाची इमारत इथे होती.

फ्रांकोच्या राजवटीत १९३८ च्या कायद्याने प्रत्येक पेपर छापण्याआधी तपासला जाई, संपादक कोण हेही सरकार ठरवी. १९६६ मध्ये नवा कायदा आला. आधीची तपासणी गेली, पण छापून झाल्यावर अंक आधी सरकारकडे जमा करायचा आणि शिक्षेची टांगती तलवार कायम. ‘माद्रिद’ने या फटीतून जमेल तितका श्वास घेतला. १९६८ च्या मेअखेरीस त्यांनी एक लेख छापला, वरकरणी फ्रान्सच्या द गॉलविषयी : म्हाताऱ्या सेनानीने वेळेत निवृत्त व्हावं. स्पेनमध्येही एक म्हातारा सेनानी गादीवर होता. वाचणाऱ्यांना समजायचं ते समजलं, सरकारलाही समजलं. पेपर काही महिने बंद पाडला गेला. पुन्हा निघाला, आणि २५ नोव्हेंबर १९७१ ला कायमचा बंद झाला. मालकीची कागदपत्रं नीट नाहीत, हे कारण दाखवलं गेलं. देणी भागवण्यासाठी जागा विकावी लागली आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. पुढे, फ्रांको गेल्यानंतर, ती बंदी बेकायदा होती असा निकाल न्यायालयाने दिला. इमारत मात्र तोवर धूळ होऊन गेली होती.

इथे शिकलेलं वाक्य : ‘नो आबीआ लिबेर्ताद दे प्रेन्सा’. वृत्तपत्रस्वातंत्र्य नव्हतं. ‘आबीआ’ हा भूतकाळ. वर्तमानकाळ करायचा तर ‘आय’. एवढ्या दोन अक्षरांच्या बदलासाठी तिथल्या माणसांनी जवळजवळ चाळीस वर्षं वाट पाहिली. फ्रांको २० नोव्हेंबर १९७५ ला वारला. ४ मे १९७६ ला ‘एल पाईस’चा पहिला अंक निघाला. १९७८ च्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने सांगितलं की प्रकाशनं जप्त करायची तर न्यायालयाचा आदेश लागेल.

तारखा वहीत टिपताना माझा हात थांबला. मे १९७६ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? आणीबाणी. दिल्लीत, मुंबईत, पणजीतसुद्धा पेपरांवर सरकारी नजर होती. तिकडे ‘आबीआ’चं ‘आय’ होत होतं तेव्हा इकडे ‘आय’चं ‘आबीआ’ झालं होतं. आणि गोव्यातल्या घरांना तर हे काही नवीन नव्हतं. सालाझारच्या काळात, १९६१ पर्यंत, इथल्या पेपरांचा मजकूर आधी सरकारी माणसाच्या डोळ्याखालून जाई. तेव्हाचे पेपर वाचलेले आजोबा-आजी अजून काही घरांत आहेत. त्यांना कोऱ्या सोडलेल्या जागांबद्दल विचारून पाहा, फुटबॉलच्या दोन सामन्यांइतका वेळ सहज जाईल.

२३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी बंदूकधारी सिव्हिल गार्ड माद्रिदच्या संसदेत घुसले आणि खासदारांना ओलीस धरलं. गोळ्यांच्या खुणा छतावर अजून आहेत. बंड फसेल की जिंकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या रात्रीच ‘एल पाईस’ने खास अंक काढून आपण राज्यघटनेच्या बाजूने आहोत असं मोठ्या अक्षरांत छापलं. पाच वर्षांचंही नव्हतं ते दैनिक. बंड जिंकलं असतं तर त्याची इमारत शिल्लक राहिली असती का, हे खेनेराल पार्दिन्यास रस्त्यावर उभं राहून विचारावं.

माद्रिदला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘लिबेर्ताद’मधला शेवटचा ‘द’ माद्रिदकर बोलताना जवळजवळ गिळतात, ते ऐकून तुमचं स्पॅनिश कच्चं आहे असं समजू नका. आणि सकाळी कुठल्याही साध्या बारमध्ये कॉफी मागवलीत की काउंटरवर चुरगळलेला पेपर असतो, गिऱ्हाइकांनी पाळीपाळीने वाचायचा. शेजारचा वाचत असेल तर संपेपर्यंत थांबायचं. मग हळूच विचारायचं : ‘पुएदो कोखेर ला प्रेन्सा?’ घेऊ का पेपर? तो मान न वळवता अंक तुमच्याकडे सरकवतो. खेळाचं पान मात्र बहुधा आधीच कुणीतरी पळवलेलं असतं.